सहा चाकांचा टब

थांब बे पियुष, बस खाली. आन् पह्यले गाडीची चाबी काढून खिशात टाक. काऊन ते मंग सांगतो. आता फक्त ऐक, मधात बोलू नको. हे मी अजून कोनालेच सांगतलं नाई, आन् सांगावं का नाई तेच मले समजून नाई राह्यलं.

आपल्या धीरजनं चालती मोटारसायकल देऊन हिंगणघाटवरून तो टब आनला, एवढं तं तुले मालूम हाय. टब म्हंजे टबच ना लेका! सहा चाकं, दार नाई, छप्पर नाई, स्टेरिंग नाई. नुसते दोन दांडे. डावा ओढला का डाव्या बाजूची चाकं थांबते आन् गाडी डावीकडे वळते. एका बंद कापूस-जिनिंगच्या शेडात पडून होती. मालकाच्या आज्यानं कधीकाळी फॉरेनवरून मांगवली होती म्हने, तलावात जाऊन बदकं पाह्याले. जमिनीवर चालते आन् पान्यात तरंगते. पान्यात चाकंच पानी ढकलते, वल्हं-बिल्हं काई नाई. धीरजनं पाह्यली तवा तिच्यात कोंबडी अंड्यावर बसून होती, आन् इंजिन असं जाम, का हातोडा मारला तं नुसता गंज पडे.

धीरजचा बाप, अण्णाजी, गाडीच्या भवती एक चक्कर मारून म्हने, "चालती गाडी देऊन आंघोळीचा टब आनला? मंग बकेट कुठी हाय?"

आनंदाकाकू म्हने, "अवो, राहू द्या ना. पोरगा काईतरी करून राह्यला."

"तो नाई करून राह्यला. त्याच्याकून कोनीतरी करून घेऊन राह्यलं."

असा मानूस हाय तो! दूधवाल्यानं दूध मोजून देल्लं का म्हनते, आता भांडं उलटं करून दाखव. शेतातून घरी येतानी मोटारीच्या पेटीतले किटकॅट, म्हंजे ते फ्यूज, काढून खिशात टाकाचे, हे तं आपल्याकडे सगळेच करते. नाई तं बाजूवाला आपल्या मोटारीवर आपलंच पानी ओढून घेते. पन अण्णाजी फवारनीच्या पंपाचं नोझल काढते, थ्रेशरचा पट्टा काढते, बैलबंडीच्या चाकाची खीळ काढते. लग्नात गेला तं एक चप्पल या खांबाजवळ सोडते आन् दुसरी त्या खांबाजवळ. त्याचा खिसा असा वाजते, का मानूस दिसाच्या आंधी समजते अण्णाजी येऊन राह्यला.

तं त्यानं अट घातली. "तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, साऱ्या गावासमोर, हा टब तलावाच्या या काठावरून त्या काठावर गेला पायजे. गेला तं इथीच गॅरेज टाक, मी काई म्हनत नाई. नाई गेला, तं टब भंगारात आन् तू पुन्याले, मामाच्या कंपनीत."

पुन्याचं नाव ऐकलं का धीरज पाना घेऊन टबाखाली शिरते. त्याले गावातच जुन्या गाड्या जित्या कराच्या हायत. म्हनून आम्ही टब घेऊन गेलो हायवेवरच्या जाम गावाले, प्रफुलभाऊच्या गॅरेजात. प्रफुलभाऊ तुले मालूमच हाय, हायवेवर बंद पडलेला ट्रक तो नुसता आवाजावरून दुरुस्त करतो म्हनते. म्हनते तोच, दुसरं कोनी नाई म्हनत. पन त्यानं आन् धीरजनं ठरवलं होतं, हा टब चालला का दोघं मिळून गॅरेज टाकाचं.

प्रफुलभाऊनं पाह्यलं आन् निकाल देल्ला, "हा इंजिन मेला. ऑटोचा टाकू."

अण्णाजी सोबतच आलता. गॅरेजच्या दारात खाट टाकून नुसता बसून राहे. "फॉरेनचा इंजिन काऊन काढून राह्यला तू?"

"काकाजी, मेला ना तो."

"मेला तं मंग पोत्यानं झाकून काऊन ठेवला?"

"मेल्यावर झाकतेच ना!"

पन ऐकते कोन? शेवटी तो मेलेला इंजिन अण्णाजीनं बंडीत टाकून घरी आनला आन् आपल्या पलंगाखाली ठेवला. काकू म्हने, "आता मी कुठी झोपू?" तो म्हने, "तू झोप कुठीबी, पन इंजिनाकडे तोंड करून झोपजो."

ऑटोचा इंजिन बसवला. धीरजनं पुढचा गेर टाकला आन् गाडी जे मांगं सुटली, ते सरळ अण्णाजीच्या खाटेवर! खाट मोडली, अण्णाजी उभा राह्यला. "पाह्यलं? माया जिवावर उठले!"

झालतं असं, का जुना इंजिन फिरे एका बाजूनं आन् ऑटोचा फिरे उलट्या बाजूनं. म्हंजे पुढचे गेर सगळे मांगं पळे आन् मांगचा एकच गेर मुंगीसारखा पुढं जाये. धीरज रडाले आलता. प्रफुलभाऊनं डोकं खाजवलं, टबाले या टोकाहून पाह्यलं, त्या टोकाहून पाह्यलं, आन् म्हने, "अबे, दोन्हीकडून सारखीच तं दिसते! मांगचं पुढं करून टाकू."

केलं ना! सीट फिरवली, दांडे फिरवले, लाइट इकडचे तिकडे लावले. अण्णाजी म्हने, "इंजिन बदलवला, तोंड बदलवलं. उद्या म्हनान, हा टबच नोय."

आता एक गोष्ट ध्यानात ठेव. त्या टबाच्या बुडाले एक छेद हाय, आत साचलेलं पानी काढाले. त्याले पितळेचं बूच. ते होतं मांगच्या बाजूले. पन मांगचं पुढं झालं, तं ते आलं पुढच्या सीटखाली, बसनाऱ्याच्या पायाजवळ.

पोळ्याच्या दिवशी आम्ही चुपचाप तलावात उतरवून पाह्यला. बदकावानी तरंगला! प्रफुलभाऊनं स्वतः बूच कसलं, अण्णाजीच्या अंगनात टब उभा केला आन् जामले गेला.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, सारं गाव तलावावर. पोट्टे आपआपले लाकडी बैल सजवून घेऊन आलते, ढोल वाजून राह्यला होता. काकूनं टबाले हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. टबात बसाची वेळ आली तवा अण्णाजी म्हने, "मी बसतो पुढं. हे पोट्टे मधात काई चलाखी करन." दांड्यावर धीरज, त्याच्या बाजूले अण्णाजी, आन् मांगं मी. प्रफुलभाऊ काठावर.

काय सांगू बे, तो टब पान्यात शिरला तं पोट्टे बैल सोडून नाचाले लागले! सहाही चाकं फटाफटा पानी उडवून राह्यले. अर्ध्या तलावात गेलो, आन् माया चप्पल तरंगाले लागल्या.

"धीरज, पानी येऊन राह्यलं बे!"

"उडलं असन."

"उडलेलं पानी गुडघ्यापर्यंत येते का?"

त्यानं वाकून पाह्यलं. "बूच! बूचच नाई लावलं!" काठाकडे तोंड करून बोंबलला, "प्रफुलभाऊ, बूच कुठी हाय?"

काठावरून प्रफुलभाऊ दोन्ही हात हलवून ओरडला, "लावलं! काल मीच लावलं!"

अण्णाजी एकदम तेजीत आला. "मी म्हनतच होतो! साधला ना डाव त्या जामवाल्यानं! पह्यले इंजिन नेत होता, आता आमाले बुडवून टब नेते!"

"बाबा, बुडलेला टब तो काय करन? बकेट कुठी हाय?" धीरज ओरडला. बकेट नव्हती ना. तो टोपीनं पानी उपसाले लागला.

अण्णाजीनं तंबाखू-सुपारीचा खर्रा काढाले खिशात हात घातला. आन् पियुष, त्याचं तोंड पाह्याले पायजे होतं तू. शिव्या मधातच थांबल्या. हात खिशातच. मंग हळूच मुठ उघडून पाह्यलं. मी मांगूनच पाहून राह्यलो होतो ना! किटकॅट, नोझल, बंडीची खीळ, आन् मधात ते पितळेचं बूच.

त्यानं मांगं वळून पाह्यलं. मी एकदम बदकाकडे पाह्यलं.

"माया चष्मा पडला," अण्णाजी म्हने. चष्मा नाकावर होता. तसाच वाकला, खांद्यापर्यंत हात पान्यात घातला, तोंड वाकडं करून काईतरी पिरगाळलं. पानी थांबलं!

"बाबा, काय केलं?"

"टाच लावली छेदाले. तू पाहू नको, हाक!"

टब अर्धा भरला होता, पन निघाला. फटफट करत त्या काठाले लागला, तोवर सारं गाव काठाकाठानं धावत तिकडे. चाकं मातीले टेकली का नाई, तं अण्णाजी म्हने, "पुन्हा चष्मा पडला." पुन्हा वाकला, बूच पिरगाळून खिशात टाकलं. आन् उठला तं टबाच्या बुडातून पान्याची धार लागली, साऱ्या गावासमोर. छेद उघडा! लोक म्हने, बाप रे, एवढ्या छेदावर अण्णाजीनं टाच धरून टब आनला! खांद्यावर घेतला ना त्याले. पोट्ट्यानं लाकडी बैल त्याच्या पायाले लावले.

आता त्याले 'टब बुडला' म्हनाची सोय नव्हती. त्यानंच तं वाचवला होता. खांद्यावरूनच म्हने, "गेला ना या काठावर? मंग पोरगा राहते गावातच!" काकू लुगड्याच्या पदरानं डोळे पुसून राह्यली होती. धीरज मले उचलून नाचला.

तेवढ्यात प्रफुलभाऊबी सगळ्याच्या मांगून तलावाले वळसा घालून धापा टाकत आला. अण्णाजी म्हने, "बिना बुचाची गाडी देतं का बे? मानसं मारतं?" धीरजचं डोकं सटकलं. "गॅरेज मी एकटा टाकतो, तुयावर भरोसा नाई." प्रफुलभाऊनं वाकून छेदात बोट घालून पाह्यलं. मंग मायाकडे पाह्यलं. "ऋतिक, काल मी गेल्यावर अंगनात तूच होता ना बे?"

म्हंजे चोर मी!

अण्णाजीनं मले निंबाच्या मांगं ओढलं. "काय पाह्यलं तू?"

"काई नाई, काकाजी. बदक."

"मले वाटलं, ते काढलं का गाडी चालूच होत नाई," तो हळूच म्हने. "अंगनात उघडी होती ना, कोनी नेली असती तं? सकायी लावनार होतो, भुललो." मंग आवाज बदलला. "पन हे बाहेर आलं, तं मी म्हनन टब बुडलाच होता. मंग धीरज पुन्याले."

तवापासून धीरज खुशीत हाय, गॅरेजची जागा साफ करून राह्यला. आन् प्रफुलभाऊच्या गॅरेजकडे कोनी फिरकत नाई. गावातले लोक म्हनते, बूच ठेवून घेते तो. आज सकायी मले राह्यवलं नाई. म्हतलं, जामले जाऊन सांगूनच टाकतो. गाडीले किक मारली. चालूच नाई होत. पाह्यलं, तं प्लगच नाई!

आन् भिंतीच्या तिकडून खिसा वाजला. "काऊन ऋतिक, कुठी निघाला होता?"

म्हनून तुले बोलावलं. तुया गाडीवर जामले दहा मिंटाचं काम हाय. पन सांगतलं तं धीरज पुन्याले जाते, नाई सांगतलं तं प्रफुलभाऊ त्या मेल्या इंजिनावानी पोत्याखाली पडून राहते. आन् हा आवाज ऐकून राह्यला ना? तुयाच गाडीजवळ वाजून राह्यला बे. लवकर सांग, मायाजागी तू असता, तं काय केलं असतं?