मोघेकाकांची गाडी पळत नाही

मोघेकाकांच्या गाडीच्या मागे एक पाटी होती. काळ्यावर पांढरी, वळणदार अक्षरं: 'ही गाडी पळू शकते. पळत नाही. हॉर्न वाजवून उपयोग नाही.'

शाळेतलं एकही पुस्तक मी या पाटीइतक्या वेळा वाचलेलं नाही. वारज्यातली आमची गल्ली अरुंद, हिंजवडीला जाणारी आमच्या कंपनीची बस अगडबंब, आणि नेमके बसच्या वेळेलाच काका गाडी घेऊन फेरीला निघणार. हमरस्ता लागेपर्यंत त्यांच्या मागे सरपटत जायचं. आमचा ड्रायव्हर हॉर्न मारून मारून थकायचा. एकदा मीच खिडकीतून डोकं काढून ओरडलो, "काका, जरा दाबा की." काकांनी मान न वळवता सांगितलं, "पुढचा रस्ता आहे तिथंच आहे, पाटणकर. मी बरोबर घेऊन जात नाहीये."

बरं, गाडी साधीसुधी असती तर एक वेळ समजलं असतं. ही अस्सल शर्यतीच्या जातीची. परदेशी बनावट, दोनच सीटा, मागे दुमडणारं छत, लांबलचक नाक आणि बसायला गेलं की जमिनीवर मांडी घातल्यासारखं वाटावं इतकी बुटकी. कॅम्पातलं एक कुटुंब देश सोडून जाताना काकांनी ती तरुणपणी घेतली होती. वेगाच्या काट्याच्या तबकडीवर आकडे होते पार लांबपर्यंत, पण पस्तीसच्या पुढचे सगळे काकांच्या लेखी नुसते शोभेचे. दुधाची किटली लावलेली सायकल त्यांना मागे टाकून गेलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

काकांनी सारी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात केली, तपासणी खात्यात. दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग मोजायचे आणि नापास करायचे, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर सुटे भाग संपले, सवय राहिली. सोसायटीने सभेसाठी नव्या खुर्च्या आणल्या, तर काकांनी प्रत्येकीवर पाणसळ ठेवून पाहिली आणि निम्म्या परत पाठवल्या. माझ्या मुलाला ताप आला म्हणून मी घाबराघुबरा सांगत होतो की पोरगं नुसतं भाजतंय, तर हे म्हणाले, "भाजतंय म्हणजे किती? माप काय सांगतं?" हे त्यांचं पालुपद. माप काय सांगतं. माझ्या डोक्यात जायचं ते.

अशा माणसाच्या गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली. मुदत वाढवायची तर आधी पीयूसी हवं, म्हणजे गाडीचा धूर मर्यादेत आहे असा दाखला.

आता पुण्यात पीयूसी कसं मिळतं हे काय सांगायला हवं? पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात एक व्हॅन उभी असते. आत कॉम्प्युटर, बाहेर एक नळी. ती नळी सायलेन्सरमध्ये घालून धूर मोजायचा असतो. प्रत्यक्षात नळी खुंटीवर लटकत राहते, आपण पैसे द्यायचे, नंबर प्लेटचा फोटो निघतो आणि दाखला हातात. सगळं शहर खोकत असतं आणि सगळ्या गाड्या पास असतात.

काका गेले आणि म्हणाले, "नळी घाला."

व्हॅनमधला माणूस बिचारा चांगला होता. म्हणाला, "काका, कशाला त्रास? देतो ना पास करून."

"पास करून देऊ नका. पास होते का ते बघा."

नाही झाली. आजवर दर वेळी काठावर पास व्हायची, या खेपेला काठ सुटला. काकांनी घरी येऊन प्लग बदलले. नापास. हवेचा फिल्टर नवा घातला. नापास. कार्बोरेटर उघडून, धुऊन, पुसून पुन्हा बसवला, तेल बदललं. नापास. पंपावर नव्या कर्जाच्या चकचकीत गाड्या येत, नळीकडे ढुंकून न बघता दाखले घेऊन जात, आणि हे आपले रांगेत. व्हॅनमधला माणूस शेवटी हात जोडून म्हणाला, "काका, इंजिनात काजळी धरलीये. वर्षानुवर्षं पस्तीसने चालवलीत, दुसरं काय होणार? बायपासला घ्या, जरा पळवा, तापली की तशीच इकडे आणा. पास होईल."

काका म्हणाले, "ते मला माहीत आहे." आणि पस्तीसने घरी आले.

मला हे कळलं तेव्हा माझं टाळकंच सरकलं. मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. दाखला नसेल तर गाडी रस्त्यावर आणणार नाही, ताडपत्री घालून उभी करीन, असं ते सांगून बसलेले. नापास माल आजवर दाराबाहेर सोडला नाही म्हणे. आणि हा माणूस रोजच्या फेरीशिवाय जगायचा नाही, हे मला दिसत होतं. मालतीकाकू जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात बोलायला कोणी नाही. ती सकाळची फेरी तेवढी त्यांच्या दिवसाला होती.

मी खाली गेलो आणि सरळ विचारलं, "काका, उपाय माहीत आहे, रस्ता समोर आहे, गाडी धडधाकट आहे. मग पळवत का नाही?"

ते बॉनेट पुसत होते. पुसतच राहिले. मग म्हणाले, "लग्नानंतर पहिल्यांदा हिला घेऊन खडकवासल्याला गेलो होतो. ऐट दाखवायची होती. दामटली गाडी. ही सीट घट्ट धरून बसली. धरणावर पोचलो, उतरली, कठड्यावर बसली आणि रडायला लागली. म्हणाली, मला तुमच्याबरोबर पुष्कळ वर्षं राहायचंय. हळू चालवाल का?" त्यांनी फडक्याची नीट घडी घातली. "मी विचारलं, हळू म्हणजे किती? तिने काट्याकडे बघून बोट ठेवलं. पस्तीसवर."

इतकी वर्षं बसमधून या माणसाला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या.

"पण काका," मी चाचरत म्हटलं, "काकू आता..."

"नाहीयेत. मला कल्पना आहे."

पुढे दोन-तीन दिवस गाडी जागची हलली नाही. आमची बस गल्लीतून सुसाट निघायला लागली आणि मला ते मुळीच आवडेना. शनिवारी संध्याकाळी काका आमच्या दारात. आत आले नाहीत. "पाटणकर, उद्या सकाळी मोकळे आहात का? डावीकडे बसायला माणूस हवाय."

त्या डाव्या सीटवर तीन वर्षांत कोणी बसलं नव्हतं. भाजीची पिशवीसुद्धा काका सीटमागे ठेवत. मी विचारलं, "मी कशाला?"

"कारखान्यात नियमातून एखादी सूट द्यायची झाली, तर एकट्याच्या सहीने देता येत नसे. दोघं लागत. तिची मिळणार नाही. तुमची चालेल."

रविवारी सकाळी आम्ही बायपासला लागलो. रस्ता रिकामा. छत उघडं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पस्तीसला काटा आला तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग काटा पुढे सरकला. चाळीस, पन्नास. मागे काळाकुट्ट धुराचा लोट सुटला, मला खोकला आला. साठ. गाडी आधी अडखळली, ठसकली, आणि मग कुणीतरी घसा मोकळा करावा तसा तिचा आवाज एकदम स्वच्छ झाला. सत्तर. ऐंशी. वाऱ्याने माझे डोळे मिटायला लागले. जमीन इतकी जवळ की, खोटं कशाला बोलू, मी घाबरलो होतो.

तेवढ्यात काकांचा डावा हात गिअरवरून सुटला आणि माझ्या छातीपुढे आडवा झाला. घट्ट. नजर समोरच होती. वाऱ्यात जेमतेम ऐकू आलं, "घाबरू नकोस गं. होईलच आता. होईलच."

मी हललो नाही. तो हात तसाच राहू दिला. वेग उतरल्यावर त्यांचं त्यांनाच लक्षात आलं असावं. हात काढून घेतला, चष्मा पुसला.

तसेच पंपावर गेलो. नळी आत गेली. कॉम्प्युटरवर आकडे हलत राहिले.

"माप काय सांगतं?" काकांनी विचारलं.

"पास, काका. खरोखरची पास."

"परत घ्या." पुन्हा घेतलं. पुन्हा पास. काकांनी दाखला वाचला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

घरी येताना काटा पस्तीसवर. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली. "पाटणकर, तुम्ही इथे उतरा. मी धरणावर जाऊन येतो."

"आत्ता?"

"तिला सांगायला हवं. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

मी उतरलो. त्यांनी हात लांब करून डाव्या सीटवरची धूळ झटकली आणि गाडी निघाली, तशीच, सायकलीच्या चालीने. मागून एक मोटारसायकलवाला आला आणि लागला हॉर्न बडवायला. मी सरळ रस्त्यात उतरून त्याच्यापुढे उभा राहिलो.

"पाटी वाच," मी म्हटलं.