शशिकांत सरांचा खाजगी फळा

सोमवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत शशिकांत सरांनी जाहीर केलं, "मृणालिनी, आज मी एका झटक्यात त्रेचाळीस माणसं गप्प केली!"

मृणालिनीबाई गवार मोडत होत्या. "वर्गात कधी जमलं नाही ते!" त्या म्हणाल्या.

सर चौतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मीरा रोडच्या फ्लॅटमधली छोटी खोली त्यांनी हौशी रेडिओला देऊन टाकली होती. सरकारी परवाना, हवेतली ओळख म्हणून स्वतःचा कॉलसाइन, गच्चीवर अँटेना, सगळा थाट! जगातल्या दोनशे नव्व्याण्णव देशांशी आणि बेटांशी ते बोलले होते. बोलले म्हणजे काय, तर "तुमचा आवाज येतोय, माझा येतोय का, धन्यवाद!" पण तीनशेवं ठिकाण दोन वर्षं झाली तरी हाती लागत नव्हतं.

कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतंय हे जगभरचे हौशी एकमेकांना कळवत असतात. ते स्पॉटिंगचं जाळं सरांच्या कॉम्प्युटरवर दिवसभर चालू असे. त्याच जाळ्यावर मीरा-भाईंदरच्या मंडळींचा गप्पांचा ग्रुप होता, आणि तीच सरांची डोकेदुखी होती. तिथे रेडिओ सोडून सगळं! यतीन रोज सुविचार टाकायचा. भाईंदर पूर्वेचे हार्डवेअरवाले हरिश्चंद्र गुडघेदुखीवर काढे सुचवायचे. मधेच एखादी कामाची फ्रिक्वेन्सी यायची, ती भेळेत अंगठी पडावी तशी गडप!

म्हणून सरांनी तीन दिवस बसून फिल्टर लावायचं शास्त्र शिकून घेतलं आणि सोमवारी सकाळी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस सभासदांना एकदम फिल्टर लावला. स्क्रीन लख्ख! मे महिन्यातल्या शाळेसारखी शांतता!

"फिल्टर म्हणजे काय, समजावून सांगतो," सर म्हणाले.

"गवार मोडत ऐकलं तर चालेल ना?"

"चालेल. फिल्टर म्हणजे दार. लावलं की संपलं! ना ते इकडे, ना आपण तिकडे."

आता ग्रुपची खिडकी रिकामी राहिली. शिक्षकापुढे रिकामा फळा ठेवला तर काय होणार? सरांचे हात शिवशिवले. मंगळवारी त्यांनी तिथे लिहिलं, "हरिश्चंद्रांचा अँटेना पाहिला. त्यावर चड्ड्या वाळत घातल्या तर निदान कुणाच्या उपयोगी पडेल." मन कसं हलकं झालं! बुधवारी लिहिलं, "यतीनला परवाना देणाऱ्याचे डोळे तपासून घ्यायला हवेत." त्याच दुपारी आणखी एक ओळ: "आज वांगी करपली होती. बोललो नाही."

गुरुवारी भाजीबाजारात हरिश्चंद्र भेटले. "काय सर, चड्ड्या वाळल्या का?" एवढंच म्हणाले आणि मान उडवून निघून गेले.

"माणूस बिघडला," सरांनी घरी येऊन सांगितलं. "काढे जरा जास्तच झाले."

शुक्रवार उजाडला. प्रशांत महासागरात एक निर्मनुष्य बेट आहे, एरवी तिथे फक्त पक्षी. सहा परदेशी हौशी तिथे तंबू ठोकून बसले होते, आणि आपल्या घड्याळात संध्याकाळी पाच वाजता त्यांची बोट निघणार होती. हेच सरांचं तीनशेवं ठिकाण! आठवडाभर तिथे इतकी गर्दी की सरांचा नंबरच लागेना. सव्वाचारला सर हलक्या हातानं बटण फिरवत होते. तेवढ्यात कानात बारीक आवाज आला. बेट! त्यांनी नुकतीच फ्रिक्वेन्सी बदलली होती आणि कुणालाच पत्ता नव्हता. बिचारे एकटेच हाका मारत होते!

सरांचा अँटेना मात्र युरोपकडे तोंड करून उभा, आणि तो हातानंच फिरवावा लागे. फ्रिक्वेन्सी विसरायला नको म्हणून सरांनी घाईघाईत आपल्या फळ्यावर लिहिलं, "१४.१८७. बेट! आवाज छान, एक माणूस नाही! अँटेना फिरवून येतो," आणि ते पळाले.

गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरी ममताताईंकडे. त्यांनी आधी टाकीच्या गळतीबद्दल आठ मिनिटं ऐकवलं, मग किल्ली दिली. सर परत येऊन हेडफोन चढवतात तर काय! भाईंदरच्या मासळीबाजारात एकच पापलेट यावं आणि सगळ्या गावाला कळावं, तसा कल्लोळ! सरांनी चाळीस वेळा कॉलसाइन ओरडून सांगितला. घसा बसला. आणि बेटावरून स्वच्छ उत्तर आलं, पण हरिश्चंद्रांना! मग यतीनला! पाचला दोन मिनिटं असताना बेट म्हणालं, "सर्वांचे आभार, बोट थांबली आहे," आणि खरखर सुरू झाली.

"अगं, यांना कळलं कसं?" सरांचा आवाज फाटला होता.

मृणालिनीबाई दारात आल्या, स्क्रीन वाचली. "अहो, मी भिशीचा ग्रुप म्यूट केलाय, तरी माझं लिहिलेलं बायकांना दिसतंच की! तुम्ही कान बंद केलेत, तोंड नाही."

सरांनी फिल्टर काढला. चारशे बारा निरोप धाडकन कोसळले! मंगळवारी शिव्या. बुधवारी "उद्या कुणाचा नंबर?" यावर पैजा. गुरुवारी नाशिकचे चौघे खास वाचायला आलेले.

"आणि वांगी न करपण्याचे सतरा उपाय," मृणालिनीबाई थंडपणे म्हणाल्या. "कुणाची वांगी हो?"

तेवढ्यात फोन वाजला. हरिश्चंद्र!

"सर, चड्ड्यांचं विसरलो! एवढं दुर्मिळ बेट सापडलं आणि तुम्ही सगळ्यांत आधी आम्हाला सांगितलंत! कोण सांगतं हो हल्ली? एकतीस जणांचं काम झालं. सगळे विचारतायत, सरांचा तर पहिलाच नंबर लागला असेल ना?"

समोर मृणालिनीबाई हाताची घडी घालून उभ्या.

"छे छे," सर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "विद्यार्थी पुढे गेले की... शिक्षकाला..."

"वा सर! हे ग्रुपवर टाकाच!"

सरांनी टाकलं. पाच मिनिटांत सत्तेचाळीस नमस्कार आले, नाशिकच्या चौघांसकट. बोट तोवर बरीच लांब गेली होती.