बाळयेशूचं मुंडकं

गुरुनाथनं फक्त एक मूर्ती घरात आणायचं ठरवलं. एवढंच.

अमेरिकेत, कॅरी गावातल्या त्याच्या घरामागच्या हिरवळीवर अकरा वाजता शिवांगीचं लग्न होतं. जावई कॉनर. त्याची आजी, ब्रिजिट, आयर्लंडच्या एका खेड्यातून लग्नासाठी आली होती. तिचं स्वतःचं लग्न गावच्या मध्यस्थानं जमवलेलं. त्याआधी तिचे वडील मुलाच्या कुरणात फिरून गाई पाहून आले होते. हे ऐकल्यापासून सुहासिनी नवऱ्याला सांगत सुटली होती, "अहो, आपलीच माणसं की ही!"

सकाळी आठला आभाळ काळंकुट्ट झालं. तंबू नव्हता. ("कशाला उगाच तंबू," असं म्हणणारा शहाणा गुरुनाथच.) पोरीचं लग्न भिजलं तर आयुष्यभर ऐकून घ्यायचं, या विचारानं तो येरझाऱ्या घालत होता. तेवढ्यात त्याला झुडपाखाली दिसला मुकुट घातलेला वीतभर बाळयेशू. देव, आणि असा उघड्यावर? त्यानं तो उचलला आणि गणपतीशेजारी बसवायला निघाला.

दारातच शिवांगीनं अडवलं. "बाबा, व्हॉट आर यू डुइंग? आजींनी काल मुद्दाम ठेवलाय तो बाहेर. लग्नात पाऊस पडू नये म्हणून. पुट हिम बॅक!"

गुरुनाथच्या टकलावर पहिला थेंब पडला. तो धावला. ओल्या गवतात चप्पल सरकली, आणि बाळयेशूचं मुंडकं गडगडत तुळशीच्या कुंडीला जाऊन टेकलं.

"मोडलात?" सुहासिनी हळूच म्हणाली. "आजच्या दिवशी देव मोडलात?"

ब्रिजिटआजी काठी टेकत आल्या. मुंडकं तळहातावर घेतलं. डोळे भरले त्यांचे. "मुद्दाम मोडून चालत नाही," त्या म्हणाल्या. "आपसूकच पडावं लागतं. मग त्या लग्नाला पाऊस शिवत नाही. आमच्या घरात चार पिढ्यांत कुणाला हे भाग्य लाभलं नाही."

आणि काय सांगावं, अकरा वाजता रस्त्यापलीकडच्या घरांवर सरी कोसळत होत्या, आणि इकडे शिवांगीच्या अंतरपाटावर एक थेंब नाही. भटजी मंगलाष्टकं विसरून वर बघत राहिले. गुरुनाथनं टकलावरून हात फिरवून पाहिला. कोरडं.

निघताना ब्रिजिटआजींनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "जूनमध्ये धाकट्या नातीचं लग्न आहे. तिकडे पाऊस फार. तुम्ही या. काही करू नका, नुसती मूर्ती हातात धरा."

गुरुनाथची छाती फुगली.

"निर्धास्त राहा, आजी," सुहासिनी म्हणाली. "तीस वर्षांत यांच्या हातात दिलेली एकही वस्तू वाचलेली नाही."