कापश्याच्या गळ्यातला निळा पट्टा

"ह्या जत्रंत माणसं देवाला नंतर बघतील, आदी आपल्या एडक्याला," असं सृष्टीनं आज्याला ठणकावून सांगितलं.

शाळा सोडून तिला सहा महिने झालेले. आज्यानं, म्हणजे तात्याबांनी, अट घातली. कापश्या एडका रंगव. जत्रंत माणसं थांबली, तर देऊळ आन शाळा यांच्यामधली भिंत देवळाच्या बाजूनं तुझी, रंगवायला. नाही थांबली, तर सोमवारी दप्तर उचलायचं. दप्तराचं नाव काढलं की सृष्टीच्या अंगाला खाज सुटायची!

लागली की कामाला. देवळामागं जुना वीरगळ, त्यावर कोरलेले घोडे, गाया, वाघ. पोरीची नजर घारीची. घोड्याच्या आयाळीला किती रेघा, तेसुद्धा मोजून आली. मग गेरू, हळद, चुना आन धुण्याची नीळ. कापश्याच्या एका अंगावर घोडे पळाले, दुसऱ्यावर वाघ दबा धरून बसला. वीरगळावरच्या घोड्याच्या गळ्यात पट्टा होता, म्हणून कापश्यालाबी निळा पट्टा. मागं पुठ्ठ्यावर, शेपटीच्या वर, एक जुना लाल गोळा नक्षीत खुपत होता. त्याच्यावर चुना फासून काढली पांढरी गाय.

जत्रंत ही गर्दी, जणू जिलेबी फुकट वाटतायत! फोटोवर फोटो. सृष्टीची मान उंटाच्या वर गेली.

तेवढ्यात शेजारचा बिरप्पा आला. पट्टा बघितला, आन शांतपणे कापश्याचं शिंग धरून चालायला लागला.

"ओ काका, कुटं नेताय?"

"घरी. गळ्यात निळा पट्टा ही माझी खूण. तुमचा लाल गोळा कुटं हाय, दाव की."

सृष्टीनं गायीकडं बघितलं. गायीनं तिच्याकडं बघितलं.

कळप मिसळले की मेंढरं खुणेवरनं वाटायची, तोंडी पुरावा चालत नाही, हा गावचा नियम. आन तीस वर्षं हे निवाडे करणारे पंच कोण? तात्याबाच! "खूण म्हंजे खूण," एवढंच पुटपुटले आन स्वतःचा एडका जाताना बघत राहिले.

सृष्टी बादली घेऊन मागं पळाली. नीळ धुवायला गेली, तर ती लोकरीत आणखी पसरली; पट्ट्याचं उपरणं झालं. मग काथ्या घेऊन भिडली गायीला. बोटांची सालटी निघाली, पण पोरगी हटली नाही. शेवटी गाय गेली आन खालून लाल गोळा डोकावला.

आता खुणा दोन. तात्याबांनी निवाडा दिला, एडका मोकळा सोडा, जिकडं जाईल त्याचा. बिरप्पानं मक्याचं कणीस पुढं केलं. कापश्यानं ते सावकाश खाल्लं, चार पावलं मागं सरला आन अशी धडक दिली की बिरप्पा बसला थेट बादलीत! कापश्यानं घरची वाट धरली.

तात्याबा शब्दाला पक्के. भिंत मिळाली. आठ दिवस खपून सृष्टीनं वाघ, घोडे, मोर काढले आन मधोमध समोरून छाती काढून उभा कापश्या. हुबेहूब, उपरण्यासकट.

नवव्या दिवशी सकाळी बघते तर बिरप्पा भिंतीसमोर उभा, शेजारी तात्याबा.

"गळ्याला निळं हाय," बिरप्पा म्हणाला. "एडका माझा."

तात्याबांनी भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली. "पोरी, ह्याचं पुठ्ठं कुटं हाय?"

"समोरून काढलाय नव्हं. पुठ्ठं भिंतीच्या पल्याड."

"मग खूण तितं काढ. तवर निवाडा न्हाय."

सृष्टीनं दातओठ खात गेरूचा डबा उचलला आन फाटकातनं पल्याड गेली. सोमवार होता. आत पाऊल टाकलं आन शाळेची घंटा वाजली.