बावीस इंची आहेर

गार्गीचं लग्न न्यूझीलंडच्या मुलाशी ठरलं, तेव्हा हेमचंद्र केतकरांना एकच काळजी लागली. व्याह्यांशी बोलायचं काय? मुलगा ल्यूक गार्गीसारखाच जनावरांचा डॉक्टर होता, साधासरळ होता. पण त्याचे वडील ग्रॅहम मेंढ्यांच्या फार्मवर राहायचे, मोजकं बोलायचे आणि सवड मिळाली की बंदूक घेऊन हरणांच्या मागे डोंगरात जायचे. केतकर सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या आयटी विभागात होते. त्यांनी आयुष्यात केलेली सर्वांत मोठी शिकार झुरळाची होती, आणि तीही अरुणाताई माहेरी गेल्यामुळे नाइलाजानं.

"बाबा, ग्रॅहम फार शाय आहेत," गार्गीनं आपल्या सिंगापुरी ढंगात आधीच बजावलं होतं. "त्यांना हंटिंगबद्दल विचार, ओके? नाहीतर दोघं नुसते हसत बसाल, लाह."

केतकरांनी मुलीचं ऐकलं, जरा जास्तच ऐकलं. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर त्यांनी भिंतीवरच्या शिंगांची इतकी आस्थेनं चौकशी केली की ग्रॅहमसाहेबांची कळी खुलली. पुढच्या कॉलवर त्यांनीच घसा खाकरून विचारलं, की हलकी शिकारी रायफल घ्यायची झाली तर नळी अठरा इंची बरी, वीस इंची की बावीस? केतकरांचं काय मत? केतकरांनी गंभीर चेहरा केला, प्रश्न महत्त्वाचा आहे, विचार करून सांगतो म्हणाले, आणि आपण प्रसंग छान निभावला या आनंदात फोन ठेवला.

स्वयंपाकघरातून अरुणाताईंनी विचारलं, "काय म्हणत होते?"

"काही नाही. रायफलची नळी किती इंची बरी, असं सहज विचारत होते."

अरुणाताईंनी गॅस बंद केला. "मुलाकडचे लोक सहज काही विचारत नसतात," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी आठवण करून दिली. त्यांचं स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा केतकरांच्या वडिलांनी अरुणाताईंच्या वडिलांना पुण्यात चहा पिताना असंच विचारलं होतं, हल्ली स्कूटर कुठली चांगली. वडिलांनी मत दिलं, आणि पुढच्याच महिन्यात त्या मताची स्कूटर द्यावी लागली. सिंगापूरला येईपर्यंत केतकर त्याच स्कूटरवरून ऑफिसला जात होते. 

गार्गीला विचारून बघू, असं ते चाचरत म्हणाले. अरुणाताईंना ते मुळीच पटलं नाही. ती काहीच नको म्हणणार, आणि मग जन्मभर सासरी टोमणे ऐकणार. सिंगापुरात बंदुकीचं नाव काढायची सोय नाही, हेही केतकरांनी सांगून पाहिलं. त्यावर अरुणाताई म्हणाल्या, "घ्यायची तिथेच. त्यांनाच बरोबर घेऊन दुकानात जायचं. पण नळी इथून ठरवून निघायचं. दुकानात उभं राहून घोळ घातलेला चालणार नाही."

केतकर कामाला लागले. घरचा लॅपटॉप अरुणाताईंच्या ऑनलाइन गाण्याच्या क्लासमध्ये अडकलेला, म्हणून ते ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचू लागले. विषय पुढे सरकेना. नळी आखूड असली तर रायफल हलकी होते, झाडीत अडकत नाही, पण आवाज कानठळ्या बसवणारा. लांब असली तर गोळी वेगात जाते, नेम धरताना हात स्थिर राहतो, पण तेवढं ओझं डोंगरभर वागवायचं. कुणी म्हणे अठराच, कुणी म्हणे बावीसच, आणि वीसवाले दोघांनाही हसत. केतकर डबा संपला तरी वाचत बसायचे. आपण काय वाचतो आणि कोणाच्या कॉम्प्युटरवर वाचतो, याचा त्यांना साफ विसर पडला.

ऑफिसला तो पडला नव्हता. एका सकाळी एचआरच्या मिसेस लिमनी त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. टेबलावर टिश्यूचं खोकं ठेवलेलं होतं, आणि दाराशी सिक्युरिटीचा एक धिप्पाड माणूस फोन बघत बसला होता. केतकरांना वाटलं, लग्नासाठी टाकलेल्या रजेबद्दल असेल.

मिसेस लिमनी हळुवारपणे विचारलं, घरी सगळं ठीक ना? उत्तम, केतकर म्हणाले. मुलीचं लग्न आहे.

"या लग्नानं तुम्ही खूश आहात?"

केतकरांना वाटलं, एवढ्या आपुलकीनं विचारतात तर खरं सांगावं. "सुरुवातीला धक्का बसला होता. आता मनाची तयारी झालीय."

मिसेस लिमनी दाराकडे पाहिलं. "मग रायफल कशासाठी, मिस्टर केतकर?"

हे यांना कसं कळलं, म्हणून केतकर दचकले आणि घाईनं म्हणाले, "ती मुलासाठी नाही. त्याच्या वडिलांसाठी आहे."

सिक्युरिटीच्या माणसानं फोन खिशात ठेवला आणि तो उभा राहिला.

 सिंगापुरातला कामाचा परवाना, नोकरी, मुलीचं लग्न, सगळं त्या काचेच्या खोलीत एकदम पणाला लागलं होतं. त्यांनी आहेर म्हणजे काय ते सांगितलं, मानपान सांगितला, सासऱ्यांनी दिलेली स्कूटरही, आपण ती चालवली हे वगळून, सांगितली. मिसेस लिम ऐकत होत्या, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं.

"म्हणजे त्यांनी तुमच्याकडे रायफल मागितली?"

"मागितली नाही. नळीबद्दल माझं मत विचारलं."

"मग तुम्ही सरळ त्यांनाच का विचारत नाही?"

"असं विचारत नाहीत," केतकर कळवळून म्हणाले.

 मिसेस लिमनी टिश्यूचं खोकं बाजूला सारलं. "माझ्या सासूनं माझ्या आईला विचारलं होतं, चांगलं भाजलेलं डुक्कर हल्ली कुठे मिळतं," त्या म्हणाल्या. "आईनं अख्खं पाठवलं."

प्रकरण तिथेच मिटलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पुन्हा हे वाचायचं नाही, अशी समज मिळाली, आणि कागद आधीच पुढे गेल्यामुळे नोव्हेना भागातल्या एका समुपदेशकाकडे जाऊन यावं लागलं. रायफलचा विचार आला की मनात नेमकं काय येतं, असं त्यानं विचारलं. केतकर म्हणाले, वीस की बावीस. त्या दिवशी काचेच्या खोलीतून निघताना सिक्युरिटीच्या माणसानं त्यांना बाजूला घेऊन आपलं मत दिलं होतं. तो नॅशनल सर्व्हिस, म्हणजे तिथली सक्तीची लष्करी सेवा, करून आलेला होता. "आखूड घ्या अंकल. जंगलात लांब नळीचा फार त्रास."

केतकरांनी हे घरी सांगितलं. अरुणाताईंनी पडद्याचा रॉड काढला, शिवणाची टेप लावून त्यावर खडूच्या खुणा केल्या आणि नवऱ्याला तो धरून हॉलमधून बेडरूमपर्यंत चालायला लावलं. वळणावर रॉड चपलांच्या कपाटाला अडकला, वरची फुलदाणी खाली आली.

"बघितलंस? वीस बरी," केतकर म्हणाले.

अरुणाताई काचा गोळा करत होत्या. "ते डोंगरात राहतात, आपल्या फ्लॉवरपॉटशेजारी नाही. बावीसच घ्या. आहेर दोन इंचांनी उणा दिसायला नको."

तेव्हा बावीस ठरली. केतकरांनी फोन करून मत कळवलं. ग्रॅहमसाहेब क्षणभर घुटमळले. चढावर जरा जड जाईल, म्हणाले, पण मर्जी तुमची. मग त्यांनी केतकरांची उंची विचारली, हात लांब आहेत का विचारलं. बेताचेच आहेत, केतकर म्हणाले. व्याही मोकळे होऊ लागले, याचं त्यांना बरं वाटलं.

लग्नाच्या आधी मंडळी न्यूझीलंडला पोचली. पहिल्याच सकाळी केतकरांनी व्याह्यांना सुचवून पाहिलं, की जरा दुकानाकडे जाऊन येऊ या. ग्रॅहम लाजत म्हणाले, त्याची गरज नाही, आणलीय. केतकरांचं तोंड उतरलं. यांनी स्वतःच घेतली, आता आपण काय द्यायचं? तेवढ्यात ग्रॅहमनी लोखंडी कपाट उघडून एक नवी कोरी, लांबलचक रायफल काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

ती केतकरांसाठी होती. दोन्हीकडचे वडील लग्नात भेटतात, गळाभेट घेतात, काही तरी देतात, असं गार्गीनं ल्यूकला सांगितलं होतं. तेव्हापासून ग्रॅहमसाहेबांना झोप नव्हती. भारतीय माणसाला द्यायचं काय? विचारायचं कसं? शिकारीचा एवढा शौकीन माणूस, म्हणून त्यांनी आडून विचारलं होतं. रायफल त्यांच्याच कपाटात राहणार होती. म्हणजे ती चालवायला केतकरांना दर वर्षी यावं लागणार होतं.

दुपारी दोघं डोंगरावर गेले. नळी प्रत्येक काटेरी झुडपाला अडकत होती, आणि केतकर प्रत्येक झुडपाची इंग्रजीत माफी मागत होते. वर पोचल्यावर ग्रॅहमनी एकदम त्यांना खाली बसवलं, दगडावर रायफल टेकवून दिली आणि कानात कुजबुजले, की समोरच्या उतारावर असा नर उभा आहे, जसा त्यांनी वीस वर्षांत पाहिला नाही. स्वतःच्या दुर्बिणीतून ते तिकडे बघत राहिले.

केतकरांनी रायफलवरच्या दुर्बिणीला डोळा लावला. आत काळाकुट्ट अंधार होता. त्यांनी डोळा बदलला. अंधारच.  एवढं मोठं जनावर दिसत नाही म्हणून कसं सांगायचं? बराच वेळ त्या अंधाराकडे रोखून पाहिल्यावर त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "राहू दे त्याला."

हरीण सावकाश पलीकडे गेलं.  ग्रॅहमनी व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ काढला नाही. ते उतरायला वळले तेव्हा केतकरांना दिसलं, की दुर्बिणीच्या तोंडावरची रबरी टोपी काढायची राहिली होती.

लग्नाच्या जेवणात मितभाषी ग्रॅहमसाहेब उठून बोलले. असं जनावर टप्प्यात असताना जो सोडून देतो तो खरा शिकारी, असा माणूस आपल्याला व्याही म्हणून मिळाला, असं ते म्हणाले आणि त्यांना पुढे बोलवेना. सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. अरुणाताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि नवऱ्याकडे इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं अशा नजरेनं पाहिलं.

केतकर विनयानं खाली बघत होते. एक हात त्यांनी कोटाच्या खिशात घातला होता, आणि त्यातली रबरी टोपी घट्ट धरून ठेवली होती.