चार लिंबं आणि सरकारी सर्व्हर

श्रीहर्षनं सर्व्हरच्या खोलीचं दार उघडलं आणि तो उंबऱ्यातच थबकला. कपाटाएवढ्या सर्व्हरला झेंडूची भलीमोठी माळ, वर हळदीकुंकवाचे पट्टे, पुढ्यात फोडलेला कोहळा. सगळं होतं; फक्त एकही दिवा लुकलुकत नव्हता.

"अंबक्का, हे बंद कुणी केलं?"

"मीच." अंबुबाई केळ्यात उदबत्ती खोचत म्हणाल्या. कानडी मुलखातल्या यशवंतपूरच्या त्या गोदाम परवाना कार्यालयात त्या तीस वर्षं मुख्य कारकून होत्या. "उद्या खंडेनवमीची सुट्टी. म्हणून ऑफिसातली आयुधपूजा आजच. चालू आयुधाची पूजा करतात होय कुणी?"

"अहो, पण तीन वाजता सचिव मॅडम येतायत!"

"त्या पुढच्या आठवड्यात की."

"आत्ता फोन आला. पुढच्या आठवड्यात त्यांना दिल्लीला जायचंय."

आता या गरीब बिचाऱ्याची अडचण नीट समजून घ्या. हेब्बाळच्या एका कंपनीतली गुबगुबीत नोकरी सोडून, बायकोचा, म्हणजे सुप्रीताचा शब्द मोडून, हा गृहस्थ इथे तंत्रज्ञान प्रमुख म्हणून आला. पद मोठं, तिजोरीत ठणठणाट. नवा सर्व्हर मागितला की 'निधी उपलब्ध नाही' एवढं तीन शब्दांचं उत्तर यायचं. आज मॅडम कामकाज पाहणार होत्या. पसंत पडलं तर तंत्रज्ञान विभाग राहणार, नाहीतर बंद. श्रीहर्ष आणि त्याची नऊ माणसं घरी. हेब्बाळची खुर्ची तर केव्हाच भरली होती.

गेल्या महिन्यात सरकारनं त्याला दोन दिवसांच्या शिबिराला धाडलं होतं. विषय होता, पैसा नसताना तंत्रज्ञान खात्याचं नेतृत्व कसं करावं. त्यातला एक धडा त्याला फारच आवडला, कारण तो फुकट होता. हाताखालच्या माणसांवर विश्वास टाका, निर्णय त्यांनाच घेऊ द्या! आल्या आल्या त्यानं सगळ्यांना जमवून सांगितलं, "यापुढे मला विचारत बसायचं नाही. मनाला पटेल ते करा." अंबुबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. तीस वर्षांत खिडकी उघडायलासुद्धा त्यांना परवानगी घ्यावी लागली होती.

"मोहनकुमार, चालू कर रे ते," श्रीहर्ष म्हणाला.

मोहनकुमार ऑफिसचा तंत्रज्ञ. तो बटणाकडे नाही, अंबुबाईंकडे बघायला लागला. "पूजा झालेल्या आयुधाला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो सर."

"मी सांगतोय ना!"

"पण तुमचं ऐकत बसू नका, असं तुम्हीच सांगितलंय की."

श्रीहर्षनं यावर विचार केला. यात कुठेतरी खोट होती, पण नेमकी कुठे ते काही त्याला सापडेना. शेवटी अंबुबाईंनाच दया आली. "सरी, सरी, बरं तर. देवीची माफी मी मागते. दाब रे बटण."

मोहनकुमारनं दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. ढिम्म! तेवढ्यात श्रीहर्षचं लक्ष खाली गेलं. सर्व्हरच्या चार चाकांखाली चार लिंबं चिरडून पडली होती.

"हे काय?"

"लिंबं."

"ते दिसतंय हो. पण सर्व्हरखाली?"

"चाकं आहेत की त्याला," अंबुबाई लहान मुलाला समजवावं तशा म्हणाल्या. "चाकं म्हणजे वाहन. वाहनाखाली लिंबू ठेवलं की पुढे घ्यायलाच पाहिजे. सहा जणांनी ढकललं. काय जड मेलं!"

"ढकललंत? आणि वायरी?"

"त्या निघाल्या आपोआप," मोहनकुमारनं धीर दिला. "काही त्रास झाला नाही."

श्रीहर्ष मागे वळसा घालून गेला. चाळीसएक वायरी भिजलेल्या शेवयांसारख्या लोंबत होत्या. कोणती कुठे जाते याचा नकाशा होता, नाही असं नाही. पण तो सर्व्हरमध्येच होता.

गुडघे टेकून त्यानं एक वायर इथे खुपसली, एक तिथे. घाम पुसताना कपाळाला कुंकू फासलं गेलं, शर्टाला लिंबू लागलं. शेवटी बाहेर गाडीचं दार वाजलं तेव्हा त्यानं मान वर केली, तर खोलीत कुणीच नाही! 'गेली नोकरी,' असं पुटपुटत तो धावत दिवाणखान्यासारख्या त्या मोठ्या हॉलमध्ये शिरला आणि चक्रावलाच.

सगळे कॉम्प्युटर हार घालून गप्प बसले होते. त्यांच्यापुढे अंबुबाई आणि इतर मंडळी जुन्या लांबलचक वह्या उघडून बसली होती. धपाधप शिक्के पडत होते. सुट्टीआधी परवाना हवा म्हणून आलेल्या व्यापाऱ्यांची रांग भराभर सरकत होती. हा निर्णय अंबुबाईंनी कुणालाही न विचारता घेतला होता.

दारात सचिव वसुमती मॅडम घड्याळ बघत उभ्या होत्या.

"मशीनवर एका परवान्याला किती वेळ लागतो?" त्यांनी कन्नडात विचारलं.

"दहा मिनिटं," गोंधळात श्रीहर्षच्या तोंडून खरं निघालं.

"आणि असा?"

"चार," अंबुबाई मान वर न करता म्हणाल्या.

"वीज? नवा सर्व्हर?"

"कशाला पाहिजे?"

मॅडमचा चेहरा उजळला. "अकरा खाती पाहिली मी. प्रत्येक तंत्रज्ञान प्रमुख पैसे मागतो. हे यांना कुणी शिकवलं?"

"सरांनीच," अंबुबाई अभिमानानं म्हणाल्या. श्रीहर्षनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. "आणि बडबडही नाही," मॅडम म्हणाल्या.

दसऱ्यानंतर आदेश आला. श्रीहर्षनं तो तीनदा वाचला. विभाग कायम, नऊही माणसं कायम, प्रमुखही कायम. मात्र या विभागाचं काम मशीनशिवाय उत्तम चालत असल्यानं सर्व्हर आणि सगळे कॉम्प्युटर गरजू खात्याकडे पाठवावेत. दुपारी टेम्पो आला आणि माळांसकट सगळं घेऊन गेला.

रिकाम्या टेबलावर राहिलेली झेंडूची एक पाकळी श्रीहर्षनं उचलली. नोकरी वाचल्याचा आनंद मानावा की आणखी काही, हेच त्याला उमजेना. मग तो हळूच अंबुबाईंपाशी गेला.

"अंबक्का, आता मी काय करू?"

अंबुबाईंनी शेजारची खुर्ची ओढली आणि एक वही त्याच्यापुढे सरकवली. "बसा. शिक्का मारा."

तंत्रज्ञान प्रमुखांनी मन लावून शिक्का मारला. तो उलटा पडला.

"असू दे," अंबुबाई म्हणाल्या. "स्वल्प वेळ लागतो. येईल तुम्हालाही."