आप्पांची नाडी

मंगळवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी देवळसांगावच्या प्रशिक्षण केंद्रातल्या रबरी पुतळ्याची नाडी सुरू झाली. हे सगळ्यांत आधी शालन वाघमोडेला कळलं, कारण तिने ती तपासली.

एरवी कुणी तपासत नसे. रुग्णवाहिकेवरच्या मदतनिसाची परीक्षा म्हणजे पुतळ्याशेजारी गुडघे टेकायचे, मानेला बोट लावल्यासारखं करायचं, ‘नाडी नाही’ असं खणखणीत म्हणायचं आणि छाती दाबायला घ्यायची. पुस्तकात दहा सेकंद लिहिले होते. पण रबराच्या माणसाला दहा सेकंद कोण देतो? अकरा वर्षांत चारशेवर उमेदवार या पुतळ्यावर पास होऊन गेले. सगळे त्याला आप्पा म्हणत. आप्पा कमरेपर्यंतच होते आणि त्यांना हातही नव्हते.

शालनचा हा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न होता. आधीच्या दोन्ही वेळा तिची वेळ संपली होती, कारण ती सगळं खरंखुरं करत बसे. गावच्या घाटात दोनदा तिच्या डोळ्यांसमोर माणसं गेली होती, आणि नुसतं बघत उभं राहावं लागल्याचा तिला अजून राग होता. ही नोकरी तिला हवीच होती.

“सर, नाडी हाय,” ती म्हणाली.

परीक्षक डॉ. हणबर यांनी हातातला गुणांचा तक्ता पाहिला. “अपेक्षित उत्तर ‘नाडी नाही’ असं आहे.”

“व्हय सर. पण लागतीया बोटाला.”

डॉक्टर उठले, वाकले आणि दोन बोटं आप्पांच्या मानेवर ठेवून घड्याळाकडे बघत राहिले. मिनिटाला बहात्तर. ते परत खुर्चीवर येऊन बसले.

“हे बघा वाघमोडेबाई, तुम्ही ‘नाडी नाही’ म्हणालात तर एक गुण मिळेल आणि पुढचं सगळं सरळ होईल. माझ्याकडून काही अडचण नाही.”

शालनला मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण नाही म्हटलं की छाती दाबावी लागणार, आणि चालत्या काळजावर दाब देऊ नये हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

“नाडी हाय, श्वास न्हाई,” ती म्हणाली. “मी हवा देती.”

तिने आप्पांची हनुवटी वर उचलली, तोंडावर मास्क घट्ट बसवला आणि दर सहा सेकंदांनी मास्कला जोडलेला हवेचा फुगा दाबायला सुरुवात केली. डॉक्टरांनी तक्त्यावर एक गुण कापला.

वीस मिनिटं गेली. शालनने विचारलं, “सर, तुमी ताब्यात घेता का रुग्ण?”

प्रश्न रास्त होता. एकदा हात लावलेला रुग्ण आपल्याइतक्या किंवा आपल्याहून जास्त शिकलेल्या माणसाच्या हवाली केल्याशिवाय सोडायचा नसतो. डॉक्टर जास्त शिकलेले होतेच. पण परीक्षक म्हणून उमेदवाराला मदत करणार नाही, असं त्यांनी सकाळीच सही करून लिहून दिलं होतं.

“मला घेता येणार नाही,” ते खंतावून म्हणाले. “पाचला परीक्षा संपते. पलीकडे रुग्णालय आहे. तिथे सोपवलंत तर बघू.”

शालनने आप्पांना ट्रॉलीवर घेतलं. ट्रॉलीला धक्का द्यायला मात्र डॉक्टरांनी हात लावला. ट्रॉली केंद्राच्या मालकीची असल्यामुळे ती मदतीत मोडत नव्हती. शालन शेजारून चालत फुगा दाबत राहिली. रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर लिगाडे सिस्टर होत्या.

“नाव?”

“आप्पा.”

“वय?”

“अकरा,” डॉक्टर म्हणाले.

“कमरेखालचं कुठाय?”

“आणलेलं नाही. मुळातच नाही.”

सिस्टरनी ‘आणलेले नाही’ असं लिहिलं. “वॉर्डातले डॉक्टर शस्त्रक्रियेत आहेत. साडेपाचपर्यंत बसा. मला ताब्यात घेता येत नाही, मी खिडकीवर आहे.”

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला चार मिनिटं होती. डॉ. हणबर हळूच म्हणाले, “वाघमोडेबाई, फुगा खाली ठेवलात आणि आत्ता माझ्याबरोबर आलात, तर छाती दाबायचा भाग दुसऱ्या पुतळ्यावर उरकता येईल. नंतर मला काही करता येणार नाही.”

शालनने आप्पांकडे पाहिलं. त्यांचे डोळे रंगवलेले होते आणि छताकडे होते.

“तुमी जावा सर,” ती म्हणाली. “मला यांना सोडून यायला जमायचं न्हाई.”

पाच वाजले. डॉक्टर गेले नाहीत, बाकावर बसून राहिले. शालनची बोटं बधिर झाली, तरी ती मनात एक ते सहा मोजत होती. पाच वाजून बारा मिनिटांनी ती चारपर्यंत आली आणि आप्पांची छाती आपली आपण वर आली. तिने फुग्यावरचा हात काढला. छाती पुन्हा वर आली.

“श्वास स्वतःचा,” तिने सांगितलं, आणि तिला रडू फुटलं.

डॉ. हणबर यांनी तक्ता उलटला. सगळ्यात खाली ‘रुग्णाचा अभिप्राय’ अशी ओळ होती. तिथे दर वेळी ते ‘लागू नाही’ लिहीत. या वेळी त्यांनी पेन थांबवलं आणि वाकून विचारलं, “आप्पा, उमेदवाराबद्दल काही सांगायचं आहे?”

आप्पांनी जरा दम खाल्ला.

“चारशे जणांनी मी गेलोय म्हणून सांगितलं,” ते म्हणाले. “या बाईनं बघितलं.”

डॉक्टरांनी ते शब्दशः उतरवलं. अभिप्रायाला वेळेची अट नव्हती आणि गुण किती द्यायचे हेही कुठे छापलेलं नव्हतं. त्यांनी पुरेसे दिले आणि ‘उत्तीर्ण’ लिहून सही केली.

“घरी नेणारं कोण आहे?” सिस्टरनी खिडकीतून विचारलं. शालनने डोळे पुसून आपला पत्ता सांगितला. मग तिने नवऱ्याला फोन लावला आणि भात जरा मऊ टाकायला सांगितला.